एक सीट, तीस नकला: मुंबईच्या दमट हवेत सिलिकॉनचा साचा आणि रेझिनचं ओतकाम

१५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची जुनी लाल डबलडेकर अंधेरीच्या रस्त्यावरून धावली आणि १९३७ पासून चालत आलेली ती गाडी कायमची आगारात गेली. त्याच आठवड्यात मी तिचं १:७६ मापाचं मॉडेल करायला घेतलं. या मापात दहा मीटरची बस जेमतेम १३ सेंटीमीटरची होते. बॉडी पॉलिस्टायरीनच्या शीटमधून कापता येते, खिडक्याही जमतात. अडतं ते सीटवर. दोन मजल्यांची मिळून तीसेक बाकं लागतात, प्रत्येक साधारण १२ मिलीमीटर रुंद आणि तेवढंच उंच. एक बाक नीट करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तिसावं बाक पहिल्यासारखं हातून उतरणं शक्यच नव्हतं.

अशा वेळी साचा करायचा. एकच बाक जीव ओतून करायचं, त्यावर सिलिकॉन, म्हणजे रबरासारखं लवचिक होणारं द्रव, ओतून साचा घ्यायचा आणि त्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं द्रव प्लॅस्टिक, ओतून हव्या तेवढ्या नकला काढायच्या. चाकं, रेडिएटरची जाळी, दिवे, जे जे एकापेक्षा जास्त लागतं त्या सगळ्याला हीच वाट. इथे मी बाकाचंच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवतो, कारण दोन भागांच्या साच्यातल्या सगळ्या अडचणी त्यात येतात.

आधीच सांगून ठेवतो: रेझिन ओतायला पाच मिनिटं लागतात. ज्याच्या नकला काढायच्या त्या मूळ नमुन्याला, म्हणजे मास्टरला, पाच दिवस द्या.

मास्टर

सिलिकॉन सगळं टिपतं. मास्टरवर बोटाचा ठसा राहिला असेल तर तीस बाकांवर तीस ठसे येतील. पॉलिश पेपरचा ४०० नंबरचा ओरखडा डोळ्यांना दिसत नाही, पण रंग चढल्यावर प्रत्येक नकलेवर दिसतो. म्हणून ४०० वरून ८००, मग १००० चा पेपर पाण्यात भिजवून फिरवा, राखाडी प्रायमरचा पातळ हात मारा, दिव्याखाली तिरपं धरून बघा, पुट्टी भरा, पुन्हा घासा. माझ्या बाकाला प्रायमरचे चार फेरे लागले. चौथ्या फेरीनंतर पाठीच्या पट्ट्यांमधल्या खाचा एकसारख्या दिसायला लागल्या, तेव्हा थांबलो.

आकाराचाही विचार मास्टरवरच करायचा. खऱ्या बाकाचा पाइप इंचभर जाडीचा असतो, म्हणजे १:७६ मध्ये ०.३३ मिलीमीटर. एवढ्या बारीक वाटेत रेझिन शिरत नाही, शिरलंच तर काढताना मोडतं. मी पाय पाऊण मिलीमीटरचे ठेवले. डोळ्यांना ते खटकत नाही आणि तिसाच्या तीस नकला पायांसकट निघतात. मागे जाड आणि पुढे निमुळता होत जाणारा भाग साच्यातून सहज सुटतो. उलट आत वळलेली खोबण अडकते. सिलिकॉन लवचिक असल्यामुळे थोडी अडकण चालते, पण प्रत्येक वेळी तिथेच ताण येतो आणि साचा तिथूनच फाटतो.

मास्टर थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापला असेल तर एक सावधगिरी हवी. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन तो यूव्ही दिव्याखाली किंवा कडक उन्हात पुरेसा ठेवा, आणि वर क्लिअर ॲक्रिलिक स्प्रेचा थर द्या. अर्धवट पिकलेल्या, म्हणजे पुरत्या घट्ट न झालेल्या, प्रिंटवर प्लॅटिनमचं सिलिकॉन (त्याबद्दल पुढे सांगतो) चिकटच राहतं, कधीच घट्ट होत नाही.

आणि दुसऱ्या कंपनीचे विकतचे भाग साच्यात घालून त्यांच्या नकला विकू नका. कुणीतरी त्या मास्टरवर असेच पाच दिवस घालवलेले असतात.

कुठलं सिलिकॉन

आपल्या कामाची सिलिकॉनं दोन जातींची. एक टिनवर पिकणारं, दुसरं प्लॅटिनमवर पिकणारं. टिनवाल्यात हार्डनर, म्हणजे घट्ट करणारं रसायन, वजनाच्या दोन ते पाच टक्के घालायचा असतो. प्लॅटिनमवालं बहुधा एकास एक किंवा दहास एक असतं. प्लॅटिनमचा साचा जवळजवळ आटत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो, पण ते फार नखरेल. गंधक असलेली माती, लेटेक्सचे हातमोजे, टिनवाल्या सिलिकॉनचा जुना कप, काहीही लागलं की त्याचं पिकणं थांबतं. टिनवालं स्वस्त आणि सोशिक. त्याचा साचा काही वर्षांत कोरडा होऊन तडकतो आणि मापात किंचित आटतो, पण १२ मिलीमीटरच्या बाकाला त्यानं काही बिघडत नाही. पहिल्यांदा करत असाल तर माझं मत टिनवाल्याच्या बाजूनं आहे. कडकपणा शोअर ए या रबराच्या मापावर २० ते २५ च्या आसपास घ्या. त्याहून मऊ साचा दाबला की आकार सोडतो, आणि कडक असला तर बारीक पाय मोडतात.

मुंबईत सामान मिळायला अडचण नाही. प्रिन्सेस स्ट्रीट आणि मस्जिद बंदरच्या बाजूला रसायनांचे व्यापारी आहेत, लोहार चाळीत आणि आसपास हत्यारं, हार्डवेअर मिळतं. आणि साच्याची समज हवी असेल तर लालबाग-परळच्या किंवा पेणच्या मूर्तीच्या कारखान्यात जाऊन बघा. रबराचा साचा बाहेरून प्लास्टरच्या कवचात कसा बसवतात, तो न फाटता कसा सोलतात, हे तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. साचा कडेनं सोलायचा असतो, ओढायचा नसतो, हे मला एका मूर्तिकाराच्या हातांकडे बघून कळलं.

विकत घेताना बाटलीवरची तारीख आणि सील दोन्ही तपासा. एकदा मला आधी उघडलेली बाटली पुन्हा बंद करून दिलेली मिळाली होती. तिच्यातला हार्डनर अर्धा मेलेला निघाला आणि साचा तीन दिवस चिकटच राहिला.

एक गोष्ट मात्र घ्याच: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा, सोनारांकडे असतो तसा. हिशोब बघा. साच्याची पेटी ६० बाय ४० मिलीमीटर आणि ओतायची खोली १५ मिलीमीटर धरली तर ३६ घन सेंटीमीटर होतात. सिलिकॉनची घनता पाण्याहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम माल. तीन टक्क्यांनी हार्डनर १.२ ग्रॅम. इथे अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे जवळजवळ निम्म्याची चूक. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे मोजता येत नाही, आणि तो काटा या कामात वापरूही नये.

साचा

पेटीला ॲक्रिलिकचे किंवा सनबोर्डचे तुकडे ग्लू गननं जोडा, किंवा मुलांचे जोडायचे ब्लॉक वापरा. मास्टरच्या चारही बाजूंना १० मिलीमीटर मोकळी जागा ठेवा. कोपऱ्यात सुईएवढी फट राहिली तरी सिलिकॉन रात्रभरात तिथून गळून जातं, म्हणून बाहेरून पुन्हा एकदा ग्लूची धार फिरवा.

आता तळाशी प्लॅस्टिसिन मातीचा थर. गंधक नसलेली माती घ्या, आणि प्लॅटिनमचं सिलिकॉन असेल तर मातीच्या गोळीवर त्याचा एक थेंब टाकून, ते पिकतं का ते आधी बघा. बाक मातीत पाठीवर निजवायचं आणि माती त्याच्या कडांपर्यंत आणायची. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्रत्येक नकलेवर एक बारीक रेष येते. ही रेष कुठे यायची ते आता, मातीवर ठरतं. सोपं म्हणजे बाक आडवं निम्मं बुडवायचं, पण मग रेष बसायच्या जागेच्या मधोमध येते आणि तीस वेळा घासावी लागते. त्यापेक्षा माती बाकाच्या कडेकडेनं, पाठ आणि बैठक यांच्या वळणावर पायरीसारखी चढवा. माझा या एका कामात अख्खा तास गेला, दातकोरणं आणि ओला ब्रश घेऊन. माती बाकाला जिथे भिडते तिथे काटकोन हवा. तिथे घळ राहिली की साच्याला पापुद्रा येतो आणि नकलेला झालर.

मातीत सात-आठ ठिकाणी पेनाच्या गोल टोकानं खड्डे करा. त्यांच्यामुळे वरच्या भागाला खुंट्या येतील आणि दोन्ही भाग दर वेळी एकाच जागी बसतील.

मग सिलिकॉन. वजन करून मोजा, हार्डनर घाला, आणि कपाच्या कडा-तळ खरवडत दोन मिनिटं सावकाश ढवळा. जोरात घुसळलंत तर हवा शिरते. टिनवालं सिलिकॉन पिकायला हवेतला ओलावा वापरतं, त्यामुळे आपल्याकडे ते डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर घट्ट व्हायला लागतं. मे महिन्यात तर वेळ निम्मा झालेला मी पाहिला आहे. सगळी तयारी झाल्यावरच हार्डनरची बाटली उघडा.

आधी मऊ ब्रशनं मास्टरवर पातळ थर द्या, पट्ट्यांच्या खाचांत ब्रश टोचत. मग कप फूटभर उंच धरून पेटीच्या एकाच कोपऱ्यात दोऱ्यासारखी बारीक धार सोडा. धार ताणली जाते तेव्हा त्यातले बुडबुडे फुटतात, आणि सिलिकॉन स्वतःहून सरकत मास्टरवर चढतं, हवेला पुढे ढकलत. व्हॅक्यूम चेंबर असेल तर आधी हवा काढून घ्या, मात्र कप मालाच्या चार-पाचपट मोठा घ्या, कारण सिलिकॉन दुधासारखं उतू येतं. पंप म्हणून एसी दुरुस्तीवाले वापरतात तो दोन टप्प्यांचा पंप चालतो. मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे इथे गेजवर २९ इंचांच्या वरचा निर्वात गाठता येतो, पुण्याला तेवढा मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी उलटी करा, माती काढा, पण मास्टर सिलिकॉनमधून अजिबात हलवू नका. मातीचे कण ब्रशनं झाडून घ्या. मग दुसरा भाग ओतायच्या आधी पहिल्या भागाच्या उघड्या सिलिकॉनवर रिलीज एजंट (चिकटू न देणारं द्रव्य) किंवा व्हॅसलीनचा अगदी पातळ हात द्या, कोपऱ्यांसकट. सिलिकॉनला सिलिकॉनच चिकटतं. पहिल्यांदा माझ्याकडून एक कोपरा राहिला आणि दोन्ही भाग तिथे एकजीव झाले. ब्लेडनं कापून मास्टर सोडवला, त्यात त्याचा एक पाय गेला आणि चार दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं. आता मी ते व्हॅसलीन टॉर्च तिरपा धरून तपासतो. चकाकी नाही तिथे पुन्हा ब्रश.

दुसरा भागही पिकला की साचा उघडा, मास्टर काढा आणि दोन्ही भाग दोन दिवस तसेच उघडे ठेवा. टिनवालं सिलिकॉन पिकताना अल्कोहोल सोडतं. ते उडून गेलं नाही तर पहिल्या काही नकलांचा पृष्ठभाग बिघडतो.

आता वाटा कापायच्या. साचा उभा करताना पाय वर आणि पाठ खाली येईल असं धरा. एका पायाच्या टोकापासून वरच्या कडेपर्यंत रेझिन आत जायची वाट, दुसऱ्या पायापासून हवा बाहेर यायची वाट. पण बैठकीचा खालचा भाग उलटा झाल्यावर छतासारखा आडवा येतो आणि त्याच्या पुढच्या कडेला हवा कोंडते. माझ्या पहिल्या सहाही नकलांचा तोच कोपरा खाल्लेला निघाला. तिथून केसाएवढी तिसरी वाट कापली आणि साचा किंचित कलता ठेवायला लागलो, तेव्हापासून कोपरा भरून येतो. साच्यात कुठेही नकला अपुऱ्या येत असतील तर स्वतःला हवा समजून विचार करा: मी वर कुठून जाणार?

रेझिन आणि आपली हवा

पॉलियुरेथेन रेझिन दोन बाटल्यांत येतं, बहुधा एकास एक प्रमाणात. तीन ते पाच मिनिटांत घट्ट होऊ लागतं, अर्ध्या तासात साच्यातून निघतं. पॉलिस्टायरीनसारखं कापता-घासता येतं. मॉडेलच्या भागांसाठी याहून चांगलं काही नाही, पण त्याचं पाण्याशी वैर आहे. त्यातल्या एका बाटलीत आयसोसायनेट असतं. ओलावा लागला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रेझिन फुगतं. जुलैत एका संध्याकाळी मी खिडकी उघडी ठेवून ओतलं होतं, बाहेर पावसाची झड. अर्ध्या तासानं निघालेली बाकं ढोकळ्यासारखी जाळीदार होती आणि वाटेतून रेझिन फुगून वर आलं होतं.

पावसाळ्यात आपल्याकडे हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या वर सहज असतो. म्हणून मी पॉलियुरेथेनचं ओतकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकतो. पावसाळ्यात करायचंच असेल तर खोलीत तासभर आधी एसी लावा. साचा गरम दिव्याखाली थोडा वेळ ठेवून कोरडा आणि कोमट करा. कागदी कप आणि आइस्क्रीमच्या लाकडी काड्या ओलावा धरून ठेवतात, त्याऐवजी प्लॅस्टिकचे कप आणि स्टीलची सळई घ्या. बाटली उघडून ओतलं की लगेच झाकण लावा, आणि दोन्ही बाटल्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवा. मोठी बाटली आणली असेल तर पहिल्याच दिवशी छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून घ्या.

दुसरं रेझिन म्हणजे एपॉक्सी. ते दमट हवेत त्यापेक्षा समजूतदार. मात्र पिकायला दिवसभर लागतो, म्हणजे एका साच्यातून दिवसाला एकच नक्कल. पावसाळ्यात त्यावर तेलकट पापुद्रा येतो, तो कोमट पाणी आणि साबणानं धुतला नाही तर रंग धरत नाही. कपात उरलेलं शंभरेक ग्रॅम एपॉक्सी तसंच ठेवू नका, ते स्वतःच्या उष्णतेनं धुमसायला लागतं. ताटलीत पातळ पसरून ठेवा.

जीव सांभाळण्याबद्दल: आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना कायमची ॲलर्जी लावू शकते. नाकाला मंद वास आला म्हणून धोका मंद नसतो. सेंद्रिय वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क, नायट्राइलचे मोजे, चष्मा. एसीची खोली बंद असते, म्हणून मास्क तिथे जास्तच गरजेचा. ओतून झालं की दार-खिडक्या उघडून खोलीबाहेर या. दमा असणारं कुणी घरात असेल तर हे काम घरात करू नका. उरलेलं रेझिन मोरीत ओतू नका, कपातच घट्ट होऊ द्या आणि मग कचऱ्यात टाका. स्वयंपाकाची भांडी, ओव्हन, मिक्सर यांतलं काहीही या कामाला नको.

ओतणं

साच्याच्या दोन्ही भागांत टाल्कम पावडर मऊ ब्रशनं फिरवा आणि फुंकून टाका. उरलेल्या त्या धुरकट थरामुळे रेझिन बारीक कोपऱ्यांत खेचलं जातं, बुडबुडे भिंतीला चिकटत नाहीत. दोन्ही बाजूंना प्लायचे तुकडे लावून रबर बँड घाला. बँड साचा बंद ठेवण्यापुरतेच घट्ट हवेत. जास्त आवळलेत तर सगळी बाकं चपटी निघतील.

एका बाकात रेझिन जातं कितीसं? अर्ध्या ग्रॅमच्याही आत. आणि दोन्ही बाटल्यांतून पाच-पाच ग्रॅमपेक्षा कमी घेतलं तर प्रमाण नीट जमत नाही. म्हणून मी एका बाकाच्या साच्यातून आधी सहा निर्दोष बाकं काढली, ती घासूनपुसून मास्टरसारखी तयार केली आणि त्या सहांचा एकत्र साचा केला. पाच वेळा ओतलं की तीस बाकं. प्रत्येक पिढीत माप केसभर आटतं, म्हणून नकलेच्या नकलेपुढे जाऊ नका.

दोन्ही भाग मोजा, अर्धा मिनिट नीट ढवळा, औषधाच्या दुकानात मिळते ती पाच मिलीची सिरिंज सुईशिवाय घ्या आणि वाटेत सावकाश भरा. हवेच्या वाटेतून रेझिन डोकावलं की थांबा. साचा दोन्ही बाजूंना हलका ठोका, पातळी खाली गेली तर अजून एक थेंब. कपातलं रेझिन दुधी व्हायला लागलं की वेळ संपली, तेव्हा ओढाताण करू नका.

बुडबुड्यांवर खात्रीचा इलाज म्हणजे प्रेशर पॉट, कंप्रेसरनं हवा दाबून भरायचं बंद भांडं. ४० ते ५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाखाली रेझिन पिकवलं की बुडबुडे दिसेनासे होतात. तो पॉट त्या दाबासाठीच बनवलेला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेला हवा. घरचा प्रेशर कुकर साधारण १५ पीएसआयच्या कामासाठी असतो. त्यात कंप्रेसर लावणं म्हणजे बॉम्ब करणं, ते कधीही करू नका.

काढल्यावर

नक्कल कोमट असतानाच काढू नका, पाय वाकतात. वाकलेच तर कडकडीत पाण्यात काही सेकंद धरा, बोटांनी सरळ करा आणि तसंच धरून गार पाण्यात बुडवा. वाटेचा दांडा नखं कापायच्या कटरनं एका मिलीमीटरवर तोडून उरलेला घासा, थेट मुळाशी तोडलात तर चिरा पडतात. घासताना पेपर ओला ठेवा आणि मास्क लावा, रेझिनची धूळ छातीत जाता कामा नये. भांड्यांच्या साबणानं धुवा, वाळवा, मग प्रायमर. चिकटवायला सुपरग्लू किंवा एपॉक्सी. प्लॅस्टिक मॉडेलचा सिमेंट पॉलिस्टायरीन वितळवून धरतो, रेझिनवर तो काहीच करत नाही.

साचा धुऊन, वाळवून, टाल्कम लावून, दोन्ही भाग जोडलेलेच सपाट डब्यात ठेवा. वर तारीख आणि सिलिकॉनचं प्रमाण लिहा. माझा सहा बाकांचा साचा पंचविसाव्या ओतण्याच्या आसपास पायांपाशी चिरायला लागला. तोवर खालचा-वरचा मजला भरून बाकं उरली होती. मूळ बाक, तुटलेला पाय पुन्हा लावलेलं, काडेपेटीत कापसावर ठेवलं आहे, पुढच्या साच्यासाठी.